माझ्या मरणाला समताचा फोटो कारण नाही

मी तानीबाई, कै. मायाप्पा मधाळे यांची बायको, वय आधार कार्डाप्रमाणे चौऱ्याहत्तर (त्याच्यावरची एक जानेवारी मास्तरांनी मनानं घातलेली आहे, आई म्हणायची मी शेंगा काढणीत झाले), धंदा पूर्वी विड्या वळणे, आता फोटो काढणे, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव. आज रविवारी सकाळी चहा-भाकरी करून, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. कुणी धाक घातला नाही, कुणी गोड बोलून बसवलं नाही. शाळा माझी दुसरीत सुटली. वेलांटी इकडची तिकडं झाली असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, अर्थ इकडचा तिकडं झालेला नाही.

मी आज खुशीत आहे हेही नोंदवते, नाहीतर म्हातारी रडत रडत लिहीत होती असं कोणीतरी म्हणायचं. माझी नात समता काल बेळगावहून आली. तिथं ती वकिली शिकते. आज ऊन दारातून आत आलं की ती माझ्या कॅमेऱ्यानं माझा फोटो काढणार आहे. जोंधळ्याच्या रंगाचं लुगडं काढून ठेवलंय. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीला राहायचं नाही, हे समतानंच सांगितलं. आत काय लिहिते ते तिला दाखवलेलं नाही.

कलम पहिलं. माझ्या मरणाच्या कारणाबद्दल.

घरदाराची वाटणी पुढं आहे. ज्याला घाई असेल त्यानंही हे आधी वाचावं, कारण मृत्युपत्र मी ह्याच्याचसाठी करते आहे.

माझ्या हृदयाची एक झडप आवळत चालली आहे. दवाखान्यातल्या डॉक्टर चिन्मयीबाईंनी दसऱ्याच्या आधी छातीचं चित्र काढून मला सांगितलं. म्हणाल्या, "मावशी, मुलाला घेऊन या, त्यांच्याशी बोलते."

मी म्हटलं, "त्यो मास्तर हाय. त्याला बोलवलं की त्योच तुमाला शिकवाया लागंल. मला सांगा."

"ऑपरेशन मोठं आहे. तुमच्या वयाला आणि तुमच्या फुप्फुसाला झेपेल असं मला वाटत नाही." फुप्फुस तंबाखूच्या धुळीनं गेलेलं आहे, ते मला माहीतच होतं.

"आनि न्हाय केलं तर?"

"चालत्या-बोलत्या आहात तोवर आहात. मग एखाद्या दिवशी..."

"कुठल्या?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, मावशी."

"मग फोटोचं तेवढं उरकून घेते," मी म्हटलं. बाई हसल्या. त्यांना कळलं नाही. त्या धारवाडच्या, आमच्या गल्लीतल्या नाहीत.

तर मी आज संध्याकाळी गेले, उद्या गेले, की होळीला गेले, मी झडपेनं गेले. फोटोनं गेले नाही. ज्या पोरीनं फोटो काढला तिनं मला घालवलं असं या गल्लीतल्या कुणीही, तोंडानं किंवा नुसत्या डोळ्यांनी, म्हणायचं नाही. डॉक्टरबाई साक्षीला आहेत. शंका आली तर त्यांना विचारा. माझ्या मुलाला झडपेचं मी सांगितलेलं नाही, त्याबद्दल त्यानं रागवावं, मी ऐकायला नसेन.

कलम दुसरं. कॅमेरा.

माझा कॅमेरा, त्याची दोन भिंगं, स्टँड, चार्जर, फोटो साठवायची रुंद कार्डं आणि धूळ उडवायचा रबरी फुगा, हे सगळं समता बुद्धप्रिय मधाळे हिला. तो विकायचा नाही आणि वेदगंगेत टाकायचा नाही. वेदगंगेचं नाव मी काढलं नाही, माझ्या मुलानं काढलं होतं.

हा कॅमेरा आमच्या भाडेकरूचा, निशांतचा. आमच्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. लग्नात नवरा-नवरीवर उजेड पडावा म्हणून पांढरी छत्री धरायला माणूस लागायचा, ती मी धरायची. विड्या सोडल्यावर हातांना काहीतरी पाहिजे होतं. छत्री धरता धरता कॅमेऱ्याला हात लागला. पुढं निशांत बेळगावला अनगोळात गेला, तिथं त्यानं मोठं दुकान टाकलं. जाताना कॅमेरा माझ्या ओटीत ठेवला.

"आज्जी, ह्याच्यात व्हिडिओ न्हाय. आता लगनात फोटो कोन बघतंय? समद्यांस्नी रील पायजे. हे घ्या तुमी."

"इकत का न्हाईस?"

"कोन घेत न्हाय म्हनून तर तुमाला देतोय."

एवढा खरं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

समता, ह्याचे गुण आणि खोडी लिहून ठेवते. बैल बाजारात उभा करताना करतात तसं झाकून ठेवत नाही. बॅटरी लई चिवट आहे, एकदा भरली की गल्लीतली दोन-तीन माणसं जातात तरी संपत नाही. बटणं बोटाला कळतात, बघायला लागत नाही. बारीक खिडकीला डोळा लावला की समोरचं माणूस खरोखरचं दिसतं, टीव्हीतल्यासारखं नाही. आणि सावळ्या माणसाला हा सावळंच दाखवतो. फोन आमच्यासारख्या बायकांना पिठात लोळवून काढतो, सुरकुती पुसतो, गोंदण पुसतो. ह्याच्यात प्रत्येक सुरकुती जागच्या जागी.

खोडी पण सांगते. अंधारात फोटोवर रवा पेरल्यासारखा दिसतो. मागची काच एवढीशी, तिच्यात सगळं झकास, मोठा करून आणला की नाक हललेलं. मानेला दोरी रुतते. आतलं घड्याळ मेलेलं आहे, बॅटरी काढली की तारीख विसरतो आणि कुठल्यातरी जुन्या सालाचा पहिला दिवस दाखवत बसतो. म्हणून आजच्या फोटोवरची तारीख कुणी कोर्टात दाखवली तर धरू नये, मी इथं लिहिली आहे ती धरावी.

आणि दोन खोडी मोठ्या आहेत. एक, ह्याच्या पोटात आरसा आहे. बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि खिडकीतून बघणाऱ्याला काळोख दिसतो. उजेड भरपूर असला तर पापणी लवल्याएवढा. उजेड कमी असला तर जास्त. म्हणजे जी वेळ फोटोत येते नेमकी तीच काढणाऱ्याला दिसत नाही. दुसरी खोड ठिपक्याची. ती सगळी भानगड आहे, तिला वेगळं कलम पाहिजे.

कलम तिसरं. ठिपका.

आमच्याकडं माणूस गेलं की मोठा फोटो लागतो. हाराचा फोटो म्हणतात. पण जिवंत असताना तो कुणी काढत नाही, अभद्र वाटतं. मग ऐन वेळी रेशन कार्डावरचा मोठा करतात, नाहीतर लग्नाच्या गर्दीतनं मुंडकं कापून काढतात. आमच्या गल्लीतल्या परशरामच्या वडिलांच्या फोटोत शेजारच्या माणसाचा कान आलाय, अजून आहे, हार थोडा सरकवला की दिसतो. हे बघून मी ठरवलं की आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कान नसलेला फोटो मिळाला पाहिजे. पैसे घ्यायची नाही. पुढच्या खोलीत पांढरी भिंत आहे, तिच्यापुढं खुर्ची. ज्याला उठवत नाही त्याच्या घरी जायचं, त्याच्या मागं पांढरी चादर लावायची.

धडधाकट असताना कुणी बोलवलं नाही. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं की मग निरोप यायचा, तानाक्का, येऊन जा. मी जायची, फोटो काढायची, आणि दोन-चार दिवसांत ते माणूस जायचं. जाणारच. जाणार म्हणून तर मला बोलवलेलं.

आता ठिपका. भिंगातलं भोक लहान-मोठं करता येतं. लहान ठेवलं की कानापासून पदरापर्यंत सगळं रेखीव येतं, म्हणून हाराच्या फोटोला मी लहानच ठेवते. पण ह्या कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर एक डाग बसलाय. फुगा मारून जात नाही. दुरुस्तीवाल्यानं बघितलं, म्हणाला खरवडलं तर काचच जाईल. भोक मोठं असलं तर डाग दिसत नाही, लहान केलं की पांढऱ्या भिंतीवर उठतो. राखेच्या रंगाचा, कडा नसलेला. आणि खुर्ची तीच, स्टँड तेवढ्याच लांब, म्हणून उठतो तोही सगळ्यांच्या एकाच जागी, डाव्या खांद्याच्या वर, कानाजवळ. कुणीतरी मागनं येऊन वाकल्यासारखा.

निशांत होता तोवर कॉम्प्युटरवर पुसायचा. तो गेल्यावर मी कार्ड बेळगावच्या लॅबमध्ये द्यायला लागले. तिथला पोरगा एकदा म्हणाला, "अज्जी, ई चुक्की तेगीली?" ठिपका काढू का. मी हो म्हटलं. त्यानं ठिपका काढला आणि परशरामच्या आईच्या कपाळावरचं गोंदण पण काढलं. घरात कुणी आईला ओळखेना, मी तो ठिपक्यासकट परत करून आणला. तेव्हापासून तो विचारायचा आणि मी "इरली" म्हणायची, असू दे.

तशीच बेबी गेली. बेबी म्हणजे मष्णूची बायको, माझ्याबरोबर वखारीत बसून विड्या वळलेली. मष्णूनंच मला बोलवलं. तिचा पदर नीट करत म्हणाला, "तानाक्का, हाराला शोभंल असा काढ. हसू नगं देऊ तिला." त्याच्या हातानं पदर काही धड बसेना आणि बेबी हसली. मला राहवलं नाही, घाईत मोठ्या भोकानं तेवढं टिपून घेतलं. मग ती गंभीर झाल्यावर लहान भोकानं दुसरा. लॅबमधनं दोन्ही आणले. मष्णूनं गंभीर उचलला, हसरा परत दिला. म्हणाला, "हसऱ्या फोटूला हार घालत्यात व्हय?"

तो फोटो त्यानं भिंतीवर लावला आणि रोज बघत बसला. रोज बघणाऱ्याला ठिपका दिसणारच. मग तो उठून घरोघर गेला. आधी परशरामच्या आईचा फोटो बघितला, मग गल्लीतल्या अक्काताईच्या सासऱ्याचा, मग निशांत गेल्यावर काढलेले सगळे. प्रत्येकाच्या डाव्या कानाजवळ तोच. त्या संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"तानाक्का, ह्यो कोन हाय?"

"डाग हाय रं. काचंवर."

"मग आमच्या बेबीच्या कानात काय सांगतोय?"

त्याला मी काचेचं सगळं समजावलं. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी घेऊन गल्लीत निघाले की बायका पोरांना आत घेतात. दारं आपटत नाहीत, हळू लावतात. ते जास्त वाईट. परवा तर विहाराच्या पायरीवर टेकले, शेजारी बसलेल्या दोघी एकदम उठल्या आणि एकीची चप्पल तिथंच राहिली.

एका सुनेनं मात्र उलट बोलवलं. नाव लिहीत नाही, ती वाचेल. सासू चांगली ठणठणीत, दारात बसून शिव्या देत होती. सून म्हणाली, "आज्जी, ह्यांचा एक काढूनच ठेवा की." मी ओळखलं. म्हटलं, ये, दोघींचा जोडीनं काढते. ठिपका बरोबर दोघींच्या मधी आला. दोघीही अजून आहेत आणि तो कुणाच्या बाजूला जास्त आहे यावरनं भांडतात. हे मी मष्णूला सांगितलं. तो म्हणाला, "थांबलाय त्यो. कुनाला न्यावं ते ठरंना झालंय त्याला."

कलम चौथं. माझा मुलगा.

चिरंजीव बुद्धप्रिय याला माझ्या राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्या, मोरी आणि परड्यातलं शेवग्याचं झाड. पोस्टातलं जे असेल त्यातून माझं शेवटचं करावं, उरेल ते विहाराच्या वाचनालयाला. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे तिथंच राहील. माझं विडीचं सूप आणि कात्री त्यानं घ्यावी, त्या कात्रीवर तो शिकला आहे. कात्रीला गंज चढू देऊ नये.

माझा मुलगा शाळेत अंधश्रद्धेवर भाषण देतो. चांगलं देतो, कागलहून बक्षीस घेऊन आला. पण समतानं फोनवर माझ्या फोटोचं बोलणं काढलं तेव्हा त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"आये, नगं."

"का रं? भाषनात काय सांगतोस?"

"भाषन येगळं."

"काय येगळं?"

"तिथं तू नसतीस."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. पण मग त्यानं जे म्हटलं ते लिहिणं भाग आहे. म्हणाला, "आनि उद्या तुला काय झालं तर लोकं समीला काय म्हंतील? तिचं लगीन व्हायचं हाय. आज्जीला खाल्ली म्हंतील." ते खरं आहे. म्हणतीलच. फोटो नको म्हणावं तर माझा रेशन कार्डावरचा लावतील, त्यात मी घाबरलेली कोंबडी दिसते. तेवढं चाललं असतं. पण माझ्या नातीनं माझ्याच कॅमेऱ्याला भिऊन लांब उभं राहायचं, हे चालणार नाही. म्हणून कलम पहिलं.

पुढची खोली, तिची पांढरी भिंत, खुर्ची आणि दार हे समताला. भिंतीला दुसरा रंग देऊ नये.

इथवर सकाळी लिहिलं. आता दुपार झाली आहे. आधी वाटलं होतं की इथंच सही करून टाकावी. पण फोटोच्या वेळी जे झालं त्याच्यामुळं अजून एक कलम आलं.

कलम पाचवं. आज जे झालं.

ऊन उंबऱ्याच्या आत हातभर आलं तेव्हा समतानं स्टँड लावला. गल्ली समोर उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. सण असल्यासारखी सगळी घरं बाहेर, पण आवाज नाही. मष्णू रस्त्याच्या पलीकडं, हात मागं बांधून. बुद्धप्रिय दाराच्या चौकटीला टेकून.

मी खुर्चीत बसले. समता म्हणाली, "आज्जी, हनुवटी खाली. दात दिसू दे."

"हाराच्या फोटूत दात?"

"दिसू दे."

खट् झालं. मला काहीसुद्धा झालं नाही. बुद्धप्रिय माझ्याकडं असा बघत होता की मी उठून त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. मला वाटलं संपलं.

तर समता माझ्या खुर्चीत जाऊन बसली. "आता तू माझा काढ."

मी म्हटलं, "तुजा कशाला?"

"तुझ्या शेजारी लावायला. एकाच भिंतीवर, एकाच दिवशी काढलेला. तू गेलीस आणि मी राहिले की बघू दे त्यांना रोज."

म्हणजे तिला कळलं होतं. मृत्युपत्रात काय लिहिते ते तिनं वाचलं नव्हतं, पण मी कशाला लिहिते ते ओळखलं होतं. पोर वकील होणार.

बुद्धप्रिय म्हणाला, "समे, ऊठ." ती उठली नाही. "ऊठ म्हंतो न्हवं?" ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच शिकवलंय." तो उलट फिरला, बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं. खोलीत उजेड राहिला तो वरच्या झरोक्याचा. मी दार उघडायला निघाले तर समता म्हणाली, "राहू दे आज्जी, त्यांना नको बघायला."

मी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. माझी समी दिसली, माझ्या सासूसारखी भुवई, गालाला लहानपणी पडल्याची खूण. भोक लहान ठेवलं. मोठं ठेवलं असतं तर ठिपका उठला नसता, पण मग गल्ली म्हणाली असती आज्जीनं नातीला वाचवलं. उजेड कमी, भोक लहान, म्हणजे आरसा वर राहणार ते चांगला वेळ.

बटण दाबलं आणि काळोख झाला.

ह्या काळोखात मी किती जणांना बघितलं नाही. बेबीला नाही, परशरामच्या आईला नाही. कधी काही वाटलं नाही, काळोख जायचा आणि माणूस परत समोर असायचं. आज तो जाईना. कॅमेरा स्टँडवर होता, मी डोळा काढून नुसतं समोर बघितलं असतं तरी झालं असतं, समी चार हातांवर बसली होती. पण डोळा काढायचं धाडस होईना. आतल्या आत मी म्हणत होते, डाग आहे, काचेवरचा डाग आहे, आणि तो तिच्या कानाजवळ कुठं आला असेल तेवढंच दिसत होतं, काही दिसत नसताना.

मग आरसा खाली पडला.

"झालं का आज्जी?" समता म्हणाली. "नाक खाजतंय."

माझी छाती अजून जागेवर आलेली नाही. तीही झडपच आहे, दुसरं काही नाही, हेही लिहून ठेवते.

मागच्या काचेवर दोन्ही फोटो मोठे करून बघितले. माझ्या डाव्या कानाजवळ ठिपका आहे. तिच्याही आहे. समता म्हणाली, लॅबमध्ये पुसायचा नाही.

कलम सहावं. मष्णू.

एक साक्षीदार डॉक्टरबाई, दुसऱ्या साक्षीसाठी दुपारी मी मष्णूलाच बोलवलं. ज्यानं गल्लीभर सांगितलं त्याचीच सही पाहिजे. साक्षीदाराला मृत्युपत्रातनं काही द्यायचं नसतं, म्हणून बेबीचा हसरा फोटो मी आजच त्याच्या हातात दिला, तो ह्या कागदात धरू नये. त्यानं आधी डावा कोपरा बघितला. मग पूर्ण बघितला.

"ह्याच्यात न्हाय त्यो," म्हणाला.

"भोक मोठं हुतं रं. सांगून सांगून तोंड दुखलं माजं."

"मग मला ह्योच का न्हाय दिलास?"

"तूच म्हनलास, हसऱ्याला हार घालत न्हाईत."

त्यानं फोटो मांडीवर ठेवला. डोळे पुसले. मग विचारलं, "समीच्या फोटूत हाय?"

मी म्हटलं, हाय. त्यानं फोटो सदऱ्याच्या आत घातला आणि समताकडं बघितलं, आजारी माणसाकडं बघतात तसं. ती चहा गाळत होती. त्याचं ते बघणं मला सकाळपासनं झालेल्या सगळ्यापेक्षा जास्त लागलं. म्हणून हे शेवटचं.

कलम सातवं. समताबद्दल.

माझा आणि समताचा फोटो पुढच्या खोलीत शेजारी शेजारी लावावेत. मला हार घालावा, तिला घालू नये. मी गेले की उचलायच्या आधी हे सगळं दारात उभं राहून मष्णूनं मोठ्यानं वाचावं. चष्मा नाही म्हणाला तर आणायला लावावा, बॉडी थांबेल.

समता तेवीस वर्षांची आहे. माणूस आहे, कधी ताप येईल, गाडीवरनं पडेल, बाळंतपणात त्रास होईल, म्हातारी होईल. कधीही, कशानंही तिला काही झालं, तर कुणी भिंतीकडं बघून मान हलवायची नाही. कॅमेऱ्याला बोल लावायचा नाही, आणि तिनं हट्ट केला म्हणून तिलाही लावायचा नाही. बोल लावल्याशिवाय ज्याला राहवतच नाही त्यानं माझं नाव घ्यावं. बटणावर बोट माझं होतं. मी तेव्हा नसले तरी ते माझ्याकडंच येऊ द्यावं, मी इथं सही करून ते घेते आहे.

बाहेर अजून लोक आहेत. दुपारपासून चौघीजणी साखर मागून गेल्या. दारात उभ्या राहतात, माझ्याकडं बघतात, वाटी घेतात आणि जातात. समता प्रत्येकीला भरून देते.

ठिकाण: निपाणी, राहतं घर, पुढची खोली.
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार.

सही: तानीबाई मायाप्पा मधाळे

साक्षीदार पहिला: डॉ. चिन्मयी. यांची तब्येत मी सप्टेंबरपासून तपासत आहे. कलम पहिल्यात लिहिलेला आजार खरा आहे. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. माझ्यासमोर व दुसऱ्या साक्षीदारासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: मष्णू. माझ्यासमोर सही केली. फोटो आधी काढलेला होता, सही नंतर झाली. सही करताना तानाक्का हसत होत्या. समता शेजारी उभी होती, ती पण ठीक होती.